कशालाच न बांधलेली बॉबिन

कारखान्यातल्या एकसुई मशीनवर घातलेली कुठलीही शिवण थोडी उसवून पाहा. वरचा धागा खाली उतरतो, खालच्या धाग्याला अडकतो आणि पुन्हा वर जातो. हाताने असा अडकवा घ्यायचा तर धाग्याचं टोक मोकळं हवं. इथे ते कुठून मिळणार? वरच्या धाग्याचं एक टोक आधीच कापडात शिवलं गेलंय, दुसरं कोनवर कुठेतरी गुंडाळलेलं आहे. खालच्या धाग्याचीही तीच गत.

मशीन टोकाच्या नादीच लागत नाही. ते वरच्या धाग्याचा फास ओढून मोठा करतं आणि तो फास अख्ख्या बॉबिनवरून, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळावरून, तिच्या डबीसकट, पलीकडे नेतं. दर टाक्याला.

आता यातली गोम बघा. फास चहूबाजूंनी फिरून जायचा तर बॉबिन मशीनला कुठेच जोडलेली असता कामा नये. एकही स्क्रू नाही, एकही खिळा नाही. दोरीवरच्या उड्या मारताना दोरी पायाखालून जाते तेवढ्यापुरते पाय अधांतरी असतात. इथे उडी मारणारी जमिनीवर कधी उतरतच नाही. डबी एका वाटीत बसते, वाटी फास ओढून नेणाऱ्या फिरत्या हुकच्या पोटात. भोवतीचा हुक गरागरा फिरतो, वाटी मात्र स्थिर राहते, कारण तिच्या खाचेत एक बारीक पोलादी बोट आलेलं असतं. त्या बोटाने वाटीला अडवायचं, पण पकडायचं नाही. दोघांत धागा निसटेल इतकी फट राहिलीच पाहिजे.

फिरत्या हुकची ही करामत ॲलन विल्सन या सुतारकाम शिकलेल्या अमेरिकन माणसाची. पेटंट १८५१चं. कापड सरकवणाऱ्या दात्यांची वर, पुढे, खाली, मागे ही चार चालींची रचनाही त्याचीच, १८५४ची. लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते सिंगरचं, असो. जपानच्या जुकी कंपनीचं डीडीएल-८७०० हे मशीन आजही त्याच तत्त्वावर मिनिटाला ५,५०० टाक्यांपर्यंत जातं. एका टाक्याला हुकचे दोन फेरे होतात: एका फेऱ्यात फास बॉबिनवरून जातो, दुसरा फेरा रिकामा, कारण तेवढ्या वेळात वरची धागा ओढणारी पट्टी टाका आवळून घेते. म्हणजे हुक मिनिटाला ११,००० वेळा फिरतो.

कारखाना बंद पडला किंवा नवी यंत्रं आली की अशी मशीनं जुन्या बाजारात येतात. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘जुकी’च म्हणतात, डोक्यावर नाव कुणाचंही असो. घेणाऱ्याचं गाऱ्हाणं ठरलेलं: टाका सोडतंय, धागा तोडतंय. पान्याला हात घालण्याआधी सुई बदलावी. याहून स्वस्त दुरुस्ती नाही. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, त्यामुळे ती सहसा उलटी बसत नाही. कारखान्याच्या मशीनची डीबी-१ सुई मात्र गोल दांड्याची. लांब चर डावीकडे आणि नेढ्यावरची खाच उजवीकडे, हे डोळ्यांनीच पाहून लावावं लागतं.

तरीही टाके सुटत असतील तर सुईखालची प्लेट काढा, मशीन मागे कलंडवा आणि हातचाक सावकाश, आपल्याकडे फिरवा. सुई तळाला जाते आणि वर यायला लागते. साधारण दोन मिलिमीटर वर आली की एक सुंदर गोष्ट घडते. चराच्या बाजूचा धागा चरात लपलेला असतो, तो सुईबरोबर निमूट वर सरकतो. दुसऱ्या बाजूचा धागा कापडाला घासून अडतो आणि फुगतो. हाच तो फास, जेमतेम दिसेल एवढा. नेमक्या त्या क्षणी हुकचं टोक नेढ्याच्या किंचित वर, सुईच्या मधोमध पोचलेलं हवं. लवकर आलं तर फास तयार नसतो. उशिरा आलं तर तो कलंडलेला असतो. सुई आणि हुकमध्ये ०.०४ ते ०.१ मिलिमीटर फट हवी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही कमी. जास्त ठेवली की टाका सुटतो, काहीच ठेवली नाही की हुक सुईला घासून बोथट होतो. हे टायमिंग धरून ठेवतात हुकच्या मानेवरचे तीन छोटे स्क्रू. सुई कशात तरी अडकून मोडली की हुक जागचा सरकतो, आणि ‘कालपर्यंत छान चालत होतं’ असं म्हणायची वेळ येते.

कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचा गुंता दिसला की लोक बॉबिनला दोष देतात. दोष बहुतेकदा वरच्या धाग्याचा असतो. त्याचा ताण कमी पडला की खाली गेलेला फास पुरता वर खेचलाच जात नाही. आधी ताणाच्या चकत्यांमधला कापूस काढावा. मग डबी धाग्याला लोंबकळत धरून हलका झटका द्यावा: थोडी उतरून थांबली तर खालचा ताण ठीक. प्लेटच्या भोकाला मोडक्या सुयांनी ओरखडे पाडले असतील तर पॉलिशचा लेप लावलेला दोरा त्यातून खालीवर ओढतात. धाग्याच्या वाटेतला खरखरीतपणा धाग्यानेच घालवायचा, हे मला फार आवडतं.

थ्री-फेज मोटरच्या मशीनची जागा बदलल्यावर एक वेगळीच गंमत होते. जोडणीत दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. धागा गुंततो, आणि डोक्यावरच्या काचेत तेल उडताना दिसत नाही, कारण पंपही उलटाच चाललेला असतो. दुरुस्ती सोपी: दोन तारा पुन्हा बदला. हुकला तेल मिळतंय का हे पाहायला त्याच्याजवळ पाच सेकंद कागद धरतात; त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली की पुरे.

इथवरच्या सगळ्या फटी स्क्रूने कमी-जास्त करता येतात. मशीन घ्यायला जाल तेव्हा ज्या फटीला स्क्रू नाही ती शोधा. सुईचा दांडा बोटांत धरून आडवा हलवून बघा. खुळखुळला तर त्याला धरून ठेवणारं बुश झिजलंय, आणि मिलिमीटरच्या शतांशातली फट सांभाळायची अपेक्षा त्या दांड्याकडून करता येत नाही. हुकचा दांडाही तसाच हलवून पाहा. रंग उडालेला, टेबल पोपडे निघालेलं, मोटर जळलेली, हे सगळं चालेल. दांडा हलत असेल तर बुश बदलण्याचा खर्च आधी विचारा, मगच किंमत बोला.