पुराचे पाणी आणि मोटारीचे इंजिन

वैनगंगेला पूर आला की भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले, तेव्हा शहरातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा पाण्यात इंजिन भिजून बिघडते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ते भिजल्याने मोडत नाही, पाणी प्याल्याने मोडते.

सारे बघतात सायलेन्सरकडे. पण इंजिन चालू असेतो तेथील धूरच पाण्याला बाहेर लोटतो. खरे दार एअर फिल्टरच्या नळीचे. तिचे तोंड बुडाले की हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. १२०० घनसेंटीमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येकाच्या वाट्याला ३०० येतात. दाबाचे प्रमाण दहास एक धरले, तर दट्ट्या वर पोचल्यावर जागा उरते अवघी ३३ घनसेंटीमीटर, म्हणजे दोन मोठे चमचे! त्याहून जास्त पाणी असेल तर दट्ट्या वाटेतच अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात दाब अधिक, म्हणून धोकाही अधिक.

गाडी बंद पडताच आपण पुन्हा किल्ली फिरवतो. वाचण्याजोगे इंजिन पुष्कळदा इथेच हातचे जाते. त्यापेक्षा गाडी ढकलून कोरड्यात न्यावी. मिस्त्री प्लग, आणि डिझेल असेल तर इंजेक्टर, काढून इंजिन हाताने फिरवतो. आतले पाणी पिचकारीसारखे उडते. तेल दुधाळ दिसले तर तेही बदलतो. रॉड वाकल्यावर मात्र सारे इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसते.