शोक आणि वकिलीचे शिक्षण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॉ कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी मृत्यू झाला, की दुःखाबरोबर धास्तीही येते: हजेरी बुडेल, इंटर्नशिप जाईल, पुढे सनद अडेल. ही धास्ती बहुधा ऐकीव माहितीवर पोसलेली असते.

तेराव्यापर्यंत घरी राहिले की सेमिस्टर हातचे गेले, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विषयात किमान 70 टक्के हजेरी लागते. सेमिस्टर निदान 15 आठवड्यांचे असते. त्यातले दोन आठवडे पूर्ण बुडाले तरी एरवी नियमित वर्गाला बसणाऱ्याची हजेरी 87 टक्क्यांच्या आसपास राहते. अडचण येते ती आधीच हजेरी कमी असणाऱ्याला. अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात 65 टक्के हजेरी असतानाही प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात. मात्र सर्व विषयांची मिळून 70 टक्के भरावी लागते आणि अशा विद्यार्थ्यांची यादी कारणांसह बार कौन्सिलकडे जाते. म्हणून अर्ज लेखी हवा, सोबत मृत्यूचा दाखला हवा, आणि तो गावाहून परतल्यावर लगेच द्यायला हवा. विद्यापीठाची स्वतःची अट याहून कडक असू शकते. ती कार्यालयात विचारून घ्यावी.

इंटर्नशिपचे तसेच. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आठवडे लागतात, पण ते संपूर्ण शिक्षणकाळात मिळून. हुकलेली इंटर्नशिप पुढच्या सुट्टीत भरून काढता येते.

समुपदेशकाकडे गेल्याची नोंद सनदेच्या आड येते, ही समजूत अधिक घातक आहे; तिच्यापायी मुले मदत घेत नाहीत. वकील म्हणून नोंदणीला अपात्र ठरवणारी कारणे अधिवक्ता अधिनियम, 1961च्या कलम 24अ मध्ये दिली आहेत. ती गुन्ह्यातील शिक्षा आणि सरकारी नोकरीतील बडतर्फी यांच्याशी संबंधित आहेत. दुःख, नैराश्य किंवा उपचार यांचा त्यात उल्लेख नाही. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो.

घरात वेगळीच अपेक्षा उभी राहते. दहावा उरकत नाही तोच नातेवाईक म्हणतात, “तू वकिली शिकतोस ना, मग सातबाऱ्याचं तूच बघ.” वडील गेलेल्या मुलाला वर्गात वारसांची यादी पाठ करायची असते आणि घरी त्याच यादीत स्वतःचे नाव लिहायचे असते. हा भार त्याच आठवड्यात उचलण्याची गरज नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते. वाद असेल तर वकील लावावा. विद्यार्थी न्यायालयात कुणाची वकिली करू शकत नाही.

वकिलाने भावना बाहेर दिसू देऊ नये, असे मुलांच्या मनावर बिंबलेले असते. प्रत्यक्षात हा व्यवसाय शोक जाहीरपणे पाळतो: दिवंगत न्यायमूर्तींना आणि ज्येष्ठ वकिलांना न्यायालयात सामूहिक श्रद्धांजली वाहिली जाते. व्यवसायाची खरी अपेक्षा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये दिसते. वकिलाच्या आजारपणामुळे किंवा असमर्थतेमुळे तारीख मागितली, तर पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमता आला नसता, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते. म्हणजे प्रश्न अश्रूंचा नसून वेळेवर कळवण्याचा आहे. मूट कोर्टच्या जोडीदाराला किंवा सिनियरला दोन ओळींचा निरोप त्याच दिवशी गेला, तर काम दुसऱ्याकडे सोपवता येते.

शोक पाच ठराविक टप्प्यांतून जातो, हेही खरे नाही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेले टप्पे मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवर आधारित होते. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांच्या 1999च्या मांडणीनुसार माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यात ये-जा करत राहतो. सकाळी मन लावून निकालपत्र वाचणारी मुलगी संध्याकाळी कोसळली, तर तिचे सकाळचे वाचन ढोंग ठरत नाही.

तीव्र ओढ आणि वेदना सहा महिन्यांनंतरही टिकून राहिली आणि दैनंदिन जगणे अडू लागले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 वर्गीकरणानुसार तो दीर्घकालीन शोकविकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मदतीसाठी सहा महिने थांबण्याचे मात्र कारण नाही. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जगणे नकोसे वाटू लागले तर त्याच क्षणी फोन करावा.