चार्जर मोठा, म्हणून चार्जिंग वेगात?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याच्या हाती जेवणाच्या सुट्टीत फोन चार्ज करायला जेमतेम अर्धा तास असतो. अशा वेळी शेजारच्याचा ‘जास्त अँपिअरचा’ चार्जर मागून घ्यावासा वाटतो. सोबत भीतीही असते, की एवढ्या करंटने आपला फोन जळणार तर नाही?

चार्जरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट ५ व्होल्ट, ३ अँपिअर’ असे छापलेले असते. यातला ३ हा आकडा चार्जर जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो, एवढेच सांगतो. प्रत्यक्षात किती घ्यायचा, हे फोनमधले सर्किट ठरवते. गंगापूर धरण काठोकाठ भरले म्हणून घरातल्या नळाची धार जाड होत नाही, तसेच हे. २ अँपिअर घेणारा फोन ३ अँपिअरच्या चार्जरला लावला तरी २च घेणार. वेग वाढणार नाही, आणि केवळ या आकड्यामुळे फोन जळणारही नाही.

चार्जर कमी पडला, तर मात्र फरक जाणवतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. घरातला जुना १ अँपिअरचा चार्जर ५ वॉटच देतो. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्यावर भरायला साडेचार-पाच तास सहज जातात. फोन १० वॉट घेऊ शकत असेल, तर २ अँपिअरच्या चार्जरवर हा वेळ निम्म्याच्या आसपास येतो.

मग ३३ किंवा ६७ वॉटचे फास्ट चार्जिंग कसे होते? तिथे फोन आणि चार्जर आधी एकमेकांना ओळखतात आणि व्होल्ट-अँपिअर वाढवतात. ही ओळख पटली नाही, तर महागडा चार्जरही साध्या वेगावर येतो. केबलही तितकीच महत्त्वाची आहे. बारीक तारेच्या स्वस्त केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच घटते आणि दोष बिचाऱ्या चार्जरला मिळतो.

अर्ध्या तासाचाच प्रश्न असेल, तर बॅटरी कमी असताना फोन लावणे फायद्याचे. लिथियम-आयन बॅटरी सुरुवातीला भराभर भरते. साधारण ८० टक्क्यांनंतर करंट हळूहळू कमी केला जातो, म्हणून शेवटचे २० टक्के कंटाळा येईपर्यंत रेंगाळतात.

खरा धोका अँपिअरच्या आकड्यात नसून निकृष्ट बनावटीत आहे. आत २३० व्होल्टचा वीजप्रवाह आणि हातातला फोन यांच्यामधले इन्सुलेशन कच्चे असेल, तर शॉक बसू शकतो, आगही लागू शकते. भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी झालेल्या चार्जरवर ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो खरा आहे का, हे ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येते.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास तापली, की फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. भट्टीजवळ किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेल्या फोनला कितीही अँपिअरचा चार्जर लावला, तरी तो आधी सावलीत नेऊन थंड करावा लागतो.