धर्मग्रंथ, दया आणि परतीची वाट : तीन कॅथलिक धर्मभगिनींचे चिंतन

प्रस्तावना :

माणूस पश्चात्ताप करून परमेश्वराकडे परततो म्हणून त्याला दया लाभते, की दया आधीच त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते म्हणून तो परतू शकतो? ख्रिस्ती धर्मचिंतनातील हा एक मूलभूत प्रश्न आहे. त्याची चर्चा दीर्घकाळ धर्मपीठावरून आणि विद्यापीठांतून, म्हणजे प्रामुख्याने पुरुषांकडूनच झाली. तथापि, आविलाच्या संत तेरेसा (१५१५-१५८२), लिझ्यूच्या संत तेरेज (१८७३-१८९७) आणि पोलंडच्या संत फाउस्तिना (१९०५-१९३८) या तीन धर्मभगिनींनी याच प्रश्नाला आपल्या लेखनातून उत्तर दिले. तिघींनाही ईश्वरविज्ञानाचे औपचारिक शिक्षण नव्हते आणि तिघींनीही वरिष्ठांच्या आज्ञेवरून लेखन केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या चिंतनाचा थोडक्यात परिचय करून दिला आहे.

शास्त्रातील आधार :

हिब्रू भाषेत दयेसाठी येणारा 'रहामीम' हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी संबंधित आहे. त्यामुळे दया म्हणजे केवळ शिक्षेची माफी नव्हे, तर आईला पोटच्या मुलाविषयी वाटणारा कळवळा होय, असा अर्थ त्यात अभिप्रेत आहे. पश्चात्तापासाठी संदेष्टे 'शूव' हे क्रियापद वापरतात. त्याचा साधा अर्थ 'मागे वळणे' असा आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात या दोन्ही कल्पना एकत्र येतात. तेथे हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि उधळ्या पुत्र असे तीन दाखले आहेत. मेंढरू स्वतःहून परत येत नाही, मेंढपाळ त्याला शोधतो. नाण्याला तर हालचालही करता येत नाही. दिवा लावून, घर झाडून त्याचा शोध घेणारी स्त्री येथे परमेश्वराचे प्रतीक ठरते. पुत्र मात्र स्वतः उठून निघतो. मजुरासारखे ठेवून घ्या, असे म्हणण्याचे त्याने ठरवलेले असते. परंतु तो दूर असतानाच पिता धावत येतो आणि ते वाक्य उच्चारण्याची वेळच येत नाही. परतणे आवश्यक आहेच, पण ते दयेचे मोल नव्हे, असे या अध्यायाचे सूत्र सांगता येईल. तिन्ही धर्मभगिनींच्या लेखनात हेच सूत्र वेगवेगळ्या परिस्थितीत प्रकट होते.

संत तेरेसा : लज्जेवर मात

तेरेसांनी १५३५ मध्ये आविला येथील कार्मेल मठात प्रवेश केला. पुढे काही काळ, सुमारे वर्षभर किंवा त्याहून अधिक, त्यांनी मौन प्रार्थना सोडून दिली होती. त्यामागे आळस नव्हता. आपल्यासारख्या अपात्र व्यक्तीने परमेश्वराशी जवळीक साधणे हा उद्धटपणा ठरेल, असे त्यांना वाटत होते. कालांतराने त्यांनी या वृत्तीला खोटी नम्रता ठरवले. पापाची लाज वाटून प्रार्थनेपासून दूर जाणे हाच सर्वांत मोठा धोका आहे, असे त्यांनी आत्मचरित्रात आग्रहाने मांडले. १५५४ मध्ये जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीचे दर्शन आणि संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स'चे वाचन यांमुळे त्यांच्या जीवनाला निर्णायक वळण मिळाले.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १५५९ मध्ये, स्पेनच्या धर्मन्यायपीठाने निषिद्ध ग्रंथांची यादी प्रसिद्ध केली. लोकभाषेतील अनेक धार्मिक पुस्तके त्यामुळे वाचकांच्या हातून गेली. लॅटिन न जाणणाऱ्या स्त्रियांना याची झळ विशेष बसली. खुद्द तेरेसांचे आत्मचरित्रही १५७५ पासून धर्मन्यायपीठाच्या ताब्यात होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर १५८८ मध्ये छापले गेले. 'गीतरत्न' या शास्त्रभागावरील त्यांचे चिंतन जाळण्याची आज्ञा एका धर्मगुरूंनी दिली होती. इतरांनी करून ठेवलेल्या प्रतींमुळे ते टिकले. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना 'ख्रिस्तसभेच्या आचार्या' घोषित केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत.

संत तेरेज : न्यायाऐवजी दया

फ्रान्समधील तेरेज यांनी १८८८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिझ्यूच्या कार्मेल मठात प्रवेश केला. त्यांच्याजवळ संपूर्ण बायबल नव्हते. त्यांच्या बहिणीने, सेलीनने, जुन्या करारातील वेचे एका वहीत उतरवून १८९४ मध्ये मठात आणले. त्या वहीतील नीतिसूत्रे आणि यशया या ग्रंथांतील उताऱ्यांतून त्यांचा 'लहान मार्ग' आकारास आला. यशयाच्या ६६व्या अध्यायात सांत्वन करणाऱ्या आईची प्रतिमा आहे. जो लहान आहे त्याला उचलून घेतले जाते, असा अर्थ तेरेज यांनी त्यातून घेतला.

त्या काळातील काही भाविक पाप्यांची शिक्षा आपल्यावर यावी म्हणून स्वतःला परमेश्वराच्या न्यायापुढे अर्पण करीत. तेरेज यांनी ९ जून १८९५ रोजी स्वतःला न्यायाऐवजी दयाळू प्रेमापुढे अर्पण केले. १८९६ च्या ईस्टरपासून त्यांच्या श्रद्धेची कठोर कसोटी सुरू झाली. स्वर्गाच्या अस्तित्वाविषयीच मनात काळोख दाटला. त्या अवस्थेत त्यांनी अश्रद्धांना दुरून उपदेश केला नाही. आपण त्यांच्याच पंगतीला बसलो आहोत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे आत्मकथन १८९८ मध्ये बरेच संपादित स्वरूपात प्रसिद्ध झाले. मूळ हस्तलिखिते वाचकांपुढे येण्यास १९५६ साल उजाडले.

संत फाउस्तिना : दयेची कृती

फाउस्तिना कोवाल्स्का यांचे शालेय शिक्षण तीन वर्षांहूनही कमी होते. घरकामगार म्हणून राबल्यानंतर १९२५ मध्ये त्या धर्मसंघात दाखल झाल्या. तेथे त्यांनी स्वयंपाक, बागकाम आणि द्वारपालाचे काम केले. संकटात सापडलेल्या मुली व स्त्रियांचे पुनर्वसन हे या संघाचे मुख्य कार्य होते. धर्मगुरू मिखाल सोपोच्को यांच्या सूचनेवरून त्यांनी १९३४ मध्ये दैनंदिनी लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांनी वर्णन केलेल्या ख्रिस्तप्रतिमेतील दोन किरण, योहानकृत शुभवर्तमानातील ख्रिस्ताच्या कुशीतून वाहिलेल्या रक्त आणि पाण्याचे द्योतक आहेत.

दया कृतीने, शब्दाने आणि प्रार्थनेने करावी, असे तिचे तीन प्रकार दैनंदिनीत सांगितले आहेत. दया लाभलेल्याने ती इतरांना दिलीच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. या भक्तीच्या प्रसारावर १९५९ मध्ये रोमने निर्बंध घातले. ते १९७८ मध्ये उठले आणि ३० एप्रिल २००० रोजी फाउस्तिनांना संतपद देण्यात आले.

समारोप :

दया आधी मिळत असेल तर पश्चात्तापाचे महत्त्व उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. या तिघींचे जीवन त्यास उत्तर देते. दयेच्या जाणिवेने तेरेसा प्रार्थनेत टिकून राहिल्या, तेरेज अश्रद्धांशी एकरूप झाल्या आणि फाउस्तिनांनी दयेला कर्तव्याचे रूप दिले. तिघींच्याही बाबतीत दयेमुळे जबाबदारी वाढलेली दिसते.

दुसरी बाब शास्त्राच्या उपलब्धतेची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मग्रंथ सर्व श्रद्धावंतांना मुक्तपणे उपलब्ध व्हावा, असे स्पष्ट केले. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी शास्त्रवाचकाचे अधिकृत सेवापद स्त्रियांना खुले केले. बहिणीच्या वहीतील वेच्यांवर चिंतन करणाऱ्या तेरेज यांच्या तुलनेत आजच्या मराठी कॅथलिक स्त्रीच्या हाती संपूर्ण ग्रंथ आहे. तिच्या वाचनाची आणि लेखनाची नोंद घेणे हे साहित्य, इतिहास आणि स्त्री-अभ्यास या विद्याशाखांपुढील महत्त्वाचे कार्य ठरते.