नाकातले 'मांस' पुन्हा का वाढते?

"डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून नाकातलं मांस काढलं. आता पुन्हा वाढलंय. तेव्हा मुळापासून काढलं नव्हतं का?" कान-नाक-घसा तज्ज्ञांना हा प्रश्न नेहमीच ऐकावा लागतो. रुग्णाचा वैताग समजण्यासारखा आहे. पैसे गेले, रजा गेली आणि नाक पुन्हा चोंदले! पण या प्रश्नामागे एक गैरसमज आहे.

आपल्या गालांच्या, कपाळाच्या आणि डोळ्यांमधल्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्या बारीक छिद्रांनी नाकात उघडतात. त्यांच्या आतल्या ओलसर अस्तरावरची सूक्ष्म लव धूळ आणि जंतू सतत बाहेर ढकलत असते. साध्या सर्दीत हे अस्तर सुजते आणि आठ-दहा दिवसांत पूर्ववत होते. मात्र नाक चोंदणे, घट्ट शेंबूड, चेहरा जड वाटणे, वास न येणे अशा तक्रारी १२ आठवडे टिकल्या, तर जुनाट सायनसायटिसची शंका घ्यावी.

हा आजार म्हणजे अडकून बसलेला जंतुसंसर्ग, असे पूर्वी मानत. आता कळले आहे, की खरे दुखणे अस्तराच्या दाहात आहे. दाह म्हणजे शरीराची संरक्षक फौज कामाला लागणे. काम झाल्यावर फौजेने परतावे. इथे ती ठाण मांडून बसते. अनेक रुग्णांत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तरात गर्दी करतात. इंटरल्यूकिन-५ हे रासायनिक द्रव्य त्यांना पोसते, तर ४ आणि १३ क्रमांकाची त्याची भावंडे दाह धुमसत ठेवतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, अस्तर फुगते आणि सोललेल्या द्राक्षासारखे लोंबू लागते. हाच पॉलिप. ते मांस नव्हे, सुजलेले अस्तर आहे.

पावसाळ्यात भिंतीचे पोपडे खरवडून रंग दिला, पण ओल तशीच राहिली, तर काय होते? नाकाचेही तसेच आहे.

ही 'ओल' कधी छातीपर्यंतही असते. पॉलिपच्या अनेक रुग्णांना दमाही असतो. त्यांतल्या काहींना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीने दम्याचा जोरदार झटका येतो. टायफॉइडच्या 'विडाल टेस्ट'मुळे आपल्या परिचयाचे असलेले फ्रेंच डॉक्टर विडाल यांनी १९२२ मध्येच पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिन यांचे हे त्रिकूट नोंदवले होते. अशा रुग्णांनी अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग उपाय काय? मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा, हा उपचाराचा पाया. पाणी उकळून गार केलेलेच वापरावे. फवाऱ्याचे औषध रक्तात फार थोडे जाते, त्यामुळे 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरू नये. पण गुण यायला काही आठवडे लागतात. याउलट, स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मधुमेहींनी तर नाहीच. नाक क्षणात मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते.

एवढ्याने भागले नाही, तर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करतात. तिने वाट मोकळी होते आणि औषध आतपर्यंत पोचते. दाह रोखणारी इंजेक्शनेही आता निघाली आहेत. त्यांतल्या डुपिलुमॅबला या आजारासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ती फार महाग आहेत आणि मोजक्याच रुग्णांना लागतात.

एकाच नाकपुडीत गाठ असेल, रक्त येत असेल, किंवा लहान मुलाच्या नाकात पॉलिप दिसला, तर तपासणी लांबवू नये.

म्हणून ऑपरेशननंतर बरे वाटले, की फवारा बंद करण्याची घाई करू नका. रक्तदाबाची गोळी आपण जशी नेमाने घेतो, तसाच हा नेम. पॉलिप काढून टाकता येतो; दाह मात्र रोज आवरावा लागतो.