हुरड्याची आगटी

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हे गाव आहे. भोवतालची जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा, आणि मुख्य पीक रब्बीची ज्वारी. या कोरडवाहू मुलखाची अडचण जाणूनच १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला. अशा प्रांतात सुखाची साधने थोडी असतात. परंतु जी असतात ती एकट्याने भोगण्याचा प्रघात नाही. त्यांतील पहिले साधन म्हणजे हुरडा होय.

पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेली ज्वारी मार्गशीर्ष-पौषात दाण्यात भरते. दाणा दुधाळ असतो तेव्हा त्यात साखरेचा अंश अधिक असतो. पुढे त्या साखरेचे पिष्ट बनते आणि दाणा टणक होतो. या दोहोंमधील थोडे दिवस हाच हुरड्याचा काळ. मराठीइतकीच कानडीही सहज बोलणाऱ्या या भागात त्यास ‘सीतनी’ असेही म्हणतात. कानडीत ‘सिहि’ म्हणजे गोड व ‘तेने’ म्हणजे कणीस. भाकरीसाठी मालदांडी पेरणारा शेतकरीही गुळभेंडी किंवा कुचकुची या गोड जातींचे चार तास हुरड्याकरिता निराळे राखतो.

शेतात लहानसा खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवितात, ही आगटी. कणसे निखाऱ्यांत खुपसून भाजावयाची, गरम असतानाच तळहातांवर चोळावयाची, फुंकरीने फोलकट उडवावयाचे आणि दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर खावयाचे. एवढ्या कृतीत त्रास पुष्कळ आहेत. तळहात पोळतात. कूस सदऱ्याच्या गळ्यातून आत शिरते व दिवसभर खाजते. एखादा मित्र दुसऱ्याने चोळलेल्या हुरड्यावरच हात मारतो. आणि धूर तर नेमका आपल्याच तोंडावर येतो, अशी प्रत्येकाची तक्रार असते. ती अगदीच खोटी नव्हे. तापलेली हवा वर चढते, तिची जागा घेण्यास चोहोंकडून थंड हवा आत येते. बसलेल्या माणसाच्या बाजूने ती अडते, म्हणून धूर तिकडेच झुकतो. जागा बदलली तरी अडसर बरोबरच जातो!

हेच त्रास एकट्याच्या वाट्यास आले असते तर तो वैतागून घरी गेला असता. चौघांत मात्र ज्याच्या डोळ्यांत पाणी येते त्यास प्रथम हसू येते, आणि हसणाऱ्यांची पाळी लगेच येणारच असते.

या आदरातिथ्यास मोल पडते, हे पाहुण्याने विसरू नये. आगटीत गेलेले प्रत्येक कणीस खळ्यावर उणे होते. कडब्यावर व धान्यावर ज्याचे वर्ष निघावयाचे त्यास ही गोष्ट लहान नसते. तथापि मित्रांना बोलावल्यावाचून हंगाम गेला तर त्यास चुकल्यासारखे वाटते.

गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात रब्बी ज्वारीचे क्षेत्र पुष्कळ घटले, आणि पाणी पोचले तेथे ऊस आला. हुरडाही आता शहराजवळ माणशी दर ठरवून मिळू लागला आहे. त्यात शेतकऱ्यास चार पैसे मिळतात, हे योग्यच. परंतु तेथे दाणे आयते चोळून ताटात येतात. धूर, चटका, कूस यांपैकी काहीच वाट्यास येत नाही. दाणा तोच गोड असतो, मात्र परतताना एकमेकांस चिडविण्याजोगे काही उरत नाही.