नाकाच्या जोरावर

रानडुकराची ताकद सांगताना लोक सुळ्यांपासून सुरुवात करतात. मला ती नाकापासून करावीशी वाटते. वास ओळखणारी चालू स्थितीतली जनुकं माणसात चारशेच्या आसपास आहेत. डुकराच्या जनुकसंचात ती १,१०० हून अधिक निघाली. मातीआडचा कंद, हुमणीची अळी, उंदराचं बीळ, सगळं त्याला वरूनच कळतं. आणि कळल्यावर ते उकरायची सोयही तिथेच. नाकाच्या चकतीत आधाराला वेगळं हाड, मागे स्नायूंनी भरलेली आखूड मान, आणि शरीराच्या लांबीचा जवळपास एक तृतीयांश भाग नुसतं डोकं. या बळावर हे जनावर ४०-५० किलोंचा धोंडा उलथून टाकतं.

आपल्याकडचा पूर्ण वाढलेला नर खांद्याशी ९० सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या कमरेएवढा. वजन मात्र २०० किलोंच्या पुढेही जातं, आणि एवढं धूड ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने अंगावर येऊ शकतं. तोंडात ४४ दात. त्यातले नराचे खालचे सुळे जन्मभर वाढत राहतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून त्यांना आपसूक धार लागते. असे दोन नर माजाच्या दिवसांत भिडतात, म्हणून खांद्यापासून मागे कातडीखाली २-३ सेंटिमीटर जाडीचा चिवट थर तयार होतो. या धामधुमीत खाण्याकडे लक्ष नसतं. नराचं वजन पाचव्या हिश्श्याने उतरू शकतं.

पण खरा डोकं चक्रावणारा आकडा मादीच्या पोटी आहे. गाभणकाळ अवघा ११५ दिवसांचा. विण्याआधी ती कळपातून बाजूला होते, गवत-काटक्या ओढून आडोशाला घर करते. पिल्लं साधारण चार ते सहा, कधी त्याहून जास्त, अंगावर पिवळसर पट्टे असलेली. काही दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेतं आणि पुढे त्यालाच लुचतं. खाणं मुबलक असेल तर युरोपातल्या माद्या वर्षाच्या आत स्वतः गाभण राहतात. कळप दर वर्षी दीडपट झाला असं धरा: १०० डुकरांची दहा वर्षांत ५,७०० हून अधिक होतात!

आपल्या जंगलात वाघ, बिबट्या आणि कोळसुंद्यांचे कळप हा हिशेब मोडतात. बरीच पिल्लं पहिलं वर्षही काढत नाहीत. जर्मनीत मात्र हिशेब वाढतच गेला: हिवाळे सौम्य झाले, मक्याची शेतं वाढली. तिथल्या शिकाऱ्यांनी २०१९-२० च्या हंगामात ८,८२,२३१ रानडुकरं मारली. एका देशात, एका हंगामात. तरीही तिथे डुकरं आहेतच.

अमेरिकेत तर हे जनावर मुळात नव्हतंच. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फौजेच्या पोटासाठी १३ डुकरिणी घेऊन फ्लोरिडाला उतरला. तीन वर्षांनी तो मेला तेव्हा त्याच्या मालमत्तेत ७०० डुकरं होती. ती पाळीव, पण पाळीव आणि रानटी ही एकच जात, त्यामुळे रानात सुटली की तिथेच रुळतात. अशा मोकाट डुकरांत पुढे शिकारीसाठी युरोपातून आणलेल्या रानडुकरांचं रक्त मिसळलं. आज अमेरिकेत किमान ३५ राज्यांत मिळून ६० लाखांहून अधिक मोकाट डुकरं आहेत. यात डुकराचा दोष मला दिसत नाही. त्याला जहाजात माणसाने चढवलं.

माणसाने नेऊन सोडलेल्या अशा प्रदेशांत ही डुकरं किती जमीन उकरतात, याचा अंदाज २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला: ३६ हजार ते १ लाख २४ हजार चौरस किलोमीटर. वरचा आकडा महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या ४० टक्के भरतो. उकरलेल्या मातीतून वर्षाला सुमारे ४९ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ११ लाख मोटारींच्या धुराइतका.

कोकणातल्या शेतकऱ्याचा हिशेब गुंठ्यांतला असतो. भात पोटरीत आला की माळ्यावर बसून रात्रभर राखण, डबे वाजवणं. एवढं करूनही एक कळप शिरला तर खाल्लं त्याच्या कितीतरी पट तुडवलेलं. सकाळी चिखलात पाहावं तर पुढच्या दोन खुरांमागे बाजूला आणखी दोन बारीक खुरांचे ठसे. ते दिसले की हे काम कुणाचं, हे पंचनाम्याआधीच कळतं.